कणगीचा तळ

आमच्या आईला घड्याळ कधी कळले नाही, पण कणगी कळे. माजघराच्या कोपऱ्यात शेणामातीने लिंपलेली, पुरुषभर उंचीची बांबूची कणगी उभी असे. तिच्या पोटावर बोटांच्या पेरांनी टकटक करीत आई वरून खाली येई. जिथे आवाज भद्द होई तिथपर्यंत भात, त्याच्या वर नुसता वारा. एवढ्यावरून ती सांगे, "पोळ्यापर्यंत पुरल." कधीकधी मात्र ती काहीच न बोलता पदर खोचून चुलीकडे वळे. तसे झाले की आम्हां भावंडांना समजायचे, यंदा पेज पातळ होणार.

नेरळ स्टेशनावर उतरून माथेरानच्या डोंगराकडे पाठ केली आणि उल्हास नदीच्या बाजूला चालू लागले, की दोन्ही हातांना भाताची खाचरे लागतात. त्यांतल्याच एका गावात आमची अडीच एकर जमीन. अडीच एकर म्हटल्यावर शहरातल्या माणसाला ते पुष्कळ वाटते. माझे डोंबिवलीचे शेजारी तर मला वतनदारच समजत. पण या अडीच एकरांवर आठ तोंडे होती, आणि मार्गशीर्षात गळ्यापर्यंत भरलेली कणगी आषाढात कमरेला आणि श्रावणात घोट्याला येई. पेजेत स्वतःचे तोंड दिसू लागले की श्रावण आला, असे आम्ही पोरे म्हणत असू. मग आई बांधावरचा टाकळा आणि कुर्डू आणी, सुरुवातीच्या पावसात शेवळे आणी, आणि अगदीच खडखडाट झाला की रात्री काळोखातून टोपली घेऊन गावातल्या एका मोठ्या घरी जाई. काळोखातून एवढ्यासाठी, की शेजारणीने पाहू नये. शेजारीणही त्याच रस्त्याने त्याच काळोखातून जात असे, हे दोघींनाही ठाऊक होते. श्रावणात एक मण भात आणले तर दिवाळीला दीड मण घालायचे. याला दिढी म्हणत. १९७२ साली तर दिढीनेही भात मिळेना, तेव्हा रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीचा रंग मला अजून स्वप्नात दिसतो.

पुढे मी मॅट्रिक झालो आणि डोंबिवलीला पळालो. पळालो हाच शब्द खरा आहे. कारकुनी केली, संसार केला, निवृत्त झालो. जमीन धाकट्याच्या गळ्यात पडली. सणावारी गावी जाताना मी पिशवीतून दुकानातला तांदूळ नेत असे. भाताच्या गावी, भात पिकवणाऱ्याच्या घरी, डोंबिवलीच्या वाण्याकडचा तांदूळ! लोकलच्या फळीवर ती पिशवी ठेवताना मला नेहमी चोरट्यासारखे वाटे.

२०१६ च्या दिवाळीत माझ्यातला कारकून जागा झाला. ओसरीवर बसून मी धाकट्याला म्हटले, "तू सांग, मी लिहितो." शाळकरी वहीच्या दोन पानांत हिशेब संपला. वडिलांच्या मागे बैल विकले होते, तेव्हा पॉवर टिलर भाड्याने आणायचा. उन्हाळ्यात एकदा नांगरणी, मग पावसात चिखलणी, तीही उभी-आडवी दोनदा. डोंगरात जाऊन झाडांचे टाहाळ तोडायचे, शेण-पाचोळ्यावर पसरून राब भाजायचा, त्यात रोपे वाढवायची, ती उपटायची, मुठी बांधायच्या, आणि मग चिखलात लावणी. लावणीला बायका मिळायच्या त्या सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हव्या असत, म्हणून मजुरी ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे चढे. हे सगळे उधारीवर. उधारी फेडायची दिवाळीनंतर, म्हणजे नेमकी जेव्हा सगळ्यांची भाते एकदम बाजारात उतरतात आणि भाव बसतो तेव्हा. त्या वर्षी झोडणी होऊन जे भात घरात आले होते त्यातले निम्म्याच्या आसपास कार्तिकातच घराबाहेर गेले. आषाढात तेच आम्ही तांदूळ म्हणून विकत घेणार होतो.

मी वहीकडे बघत राहिलो. जन्मभर मी समजत होतो की आमचे शेत थोडे पिकते म्हणून आम्ही उपाशी राहतो. थोडे पिकत होतेच, नाही असे नाही. पण आम्ही ताटावर बसण्याआधी नांगर आणि चिखल पोटभर जेवून उठत होते, हे मला साठी जवळ आल्यावर कळले.

धाकट्याला ते माझ्या आधी कळले असावे, कारण तो म्हणाला, "दादा, एक बघून आलोय. आयेला अजून सांगितला नाय."

तो बघून आला होता ते आमच्यापासून फार लांब नव्हते. नेरळजवळ सगुणा बाग आहे. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक पद्धत बसवली आहे, तिला एसआरटी म्हणतात. मी ऐकले तेव्हा मला ते एखाद्या मोटार कंपनीचे नाव वाटले. पद्धत अशी, की जमीन शेवटची एकदाच नांगरायची आणि तिचे गादीवाफे करायचे, एका सरीपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेचार फूट. ते वाफे मग पुन्हा मोडायचे नाहीत. खुंट्या लावलेला एक लोखंडी साचा असतो. तो वाफ्यावर ठेवून त्यावर पाय दिला की वीतभराहून थोड्या जास्त अंतरावर सारखी भोके पडतात. प्रत्येक भोकात तीन-चार दाणे भात टाकून झाकायचे. राब नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. कापणी केली की मुळे उपटायची नाहीत, ती जमिनीतच कुजू द्यायची. आणि त्याच वाफ्यावर, त्याच ओलीवर, वाल नाहीतर हरभरा टोचायचा.

आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "रान न फाडता पीक? उद्या म्हणशील, चूल न पेटवता भात रांध."

तिचा राग मला समजत होता. आमचे वडील माणूस कसा आहे हे त्याच्या चिखलावरून ठरवीत. लोण्यासारखा चिखल करणारा तो खरा शेतकरी. ज्याच्या चिखलात ढेकूळ लागले त्याला मुलगी देऊ नये, अशा मताचे ते होते. त्यांचा नांगर अजून पडवीत आढ्याला टांगलेला आहे आणि दसऱ्याला त्याला फूल वाहिले जाते. त्या नांगराखाली बसूनच त्यांच्या मुलाने हे सांगावे म्हणजे काय?

शेवटी तह झाला. घराजवळची दहा गुंठे आईची. तिथे राब, चिखल, लावणी, सगळे वाडवडिलांच्या रीतीने व्हायचे. बाकीच्या जमिनीपैकी पाऊण एकरावर धाकट्याने काय घालायचा तो गोंधळ घालावा. आणि भात वेगवेगळे झोडायचे, वेगवेगळे मोजायचे. मोजणार आई.

२०१७ च्या पावसाळ्यात धाकट्याने पहिले दाणे टोचले. बांधावर गावातली माणसे येऊन बसत, जशी तमाशाला बसावी. जुलैत गवताने वाफे झाकले. चिखलाचा एक मोठा उपयोग तेव्हा आमच्या ध्यानात आला : साचलेल्या पाण्यात तण बुडून मरते. इथे पाणी सरीतून वाहून जाणार, तेव्हा गवताला रान मोकळे. वहिनी आणि धाकटा दिवसभर खुरपे घेऊन वाफ्यावर बसत. त्या वर्षी पाऊण एकराचे भात, मागल्या वर्षी त्याच पाऊण एकरात आले होते त्याहून जरा कमीच भरले. आईने माप ठेवले, पण टोमणा मारला नाही. तिने एवढेच विचारले, "टिलरवाल्याचे किती द्यायचे?" धाकटा म्हणाला, "वाफे काढले त्याचे जूनमध्येच दिले. आता काय नाय." आई बराच वेळ गप्प बसली. त्या कार्तिकात त्या पाऊण एकरातले एक मापही बाजारात गेले नाही.

आता थोडे पुस्तकी बोलतो, कारण निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो. मी शोधू लागलो तेव्हा कळले की नांगरावर शंका घेणारा आमचा धाकटा पहिला नव्हे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मैदानांतली नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्याने उडून गेली, तेव्हापासून हा विचार तिकडे सुरू झाला. १९४३ साली एडवर्ड फॉकनर नावाच्या माणसाने नांगराच्या मूर्खपणावर एक पुस्तकच लिहून खळबळ उडवली. ज्या १९७२ साली आम्ही मिलोच्या भाकरी मोडीत होतो, त्याच साली ब्राझीलच्या पराना प्रांतात हर्बर्ट बार्ट्झ नावाच्या शेतकऱ्याने पावसाने माती धुपून जाते म्हणून न नांगरता पेरायला सुरुवात केली. जपानात फुकुओका होतेच. आणि लांब कशाला, आपल्या कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर मागल्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्या म्हणून कधीपासून मराठीत सांगत आले. या शेतीला आता संवर्धित शेती म्हणतात. तिचे सूत्र सोपे आहे : जमीन हलवू नका, उघडी टाकू नका आणि एकाच पिकाच्या दावणीला बांधू नका.

त्यातले मला पटले ते मुळांचे. चिखलणीने मातीचा कण न् कण सुटा होतो आणि खाली एक घट्ट थर बसतो. भाताला पाणी साठवायला तो बरा. पण पाऊस गेला की तीच जमीन वाळून भेगाळते, विटेसारखी होते, आणि मागून टोचलेला वाल तिच्यात रडतरखडत उगवतो. मुळे आत राहिली तर ती कुजून जागोजागी बारीक वाटा होतात. त्यांतून पाणी उतरते, हवा उतरते, गांडुळे फिरतात. दुसऱ्या वर्षी धाकट्याने मला वाफ्यावर नेऊन एक मूठ माती हातात दिली. ती चुरून भाजलेल्या रव्यासारखी सुटली. मी लहानपणी त्याच रानातल्या ढेकळांवर ठेचा खाल्ल्या होत्या.

२०१८ च्या भाद्रपदात, ऐन पोटरीच्या वेळी, पावसाने पाठ फिरवली. आईच्या दहा गुंठ्यांत भेगा पडल्या, त्यांत कोंबडीचे पिलू जावे एवढ्या. वाफ्यावरचे भात दुपारी माना टाकी आणि सकाळी पुन्हा ताठ उभे राही. आई रोज संध्याकाळी काठी टेकीत दोन्हीकडे फेरी मारी. काही बोलत नसे. त्या हिवाळ्यात वाफ्यावर वाल असा आला की धाकट्याने शेतातच पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. मडके उपडे करून भोवती जाळ. माझी डोंबिवलीची नातवंडे हात काळे करून शेंगा खात होती. आई म्हणाली, "दहा गुंठ्यांचे पण वाफे काढ पुढल्या साली. माझ्याच्याने आता राबाचा धूर सोसत नाय." धूर तिने साठ वर्षे सोसला होता. पण हरल्याचे कारण ज्याचे त्याने निवडावे.

पुढल्या वर्षी परीक्षा उलट बाजूने झाली. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना होड्यांनी काढावे लागले, ते वाचकांना आठवत असेल. आमची खालची खाचरे पाण्याखाली गेली. शेजाऱ्याची नुकती लावलेली रोपे तरंगत बांधाला लागली. आमचे भात जूनच्या सुरुवातीला पेरलेले, मुळे धरून बसले होते; पाणी उतरल्यावर चिखलाने माखलेले पण जागेवर सापडले. मात्र दोन वाफ्यांच्या कडा ढासळल्या, त्यात आधीच खेकड्यांनी बिळे केलेली होती. ही पद्धत म्हणजे काही देवाचा अंगारा नव्हे. धाकट्याने त्या कडा फावड्याने पुन्हा बांधल्या, तेव्हा त्याची पाठ आठवडाभर धरली होती.

मग २०२० साल आले. त्या वर्षी गुढीपाडवा आणि टाळेबंदी एकाच दिवशी, २५ मार्चला. आम्ही पाडव्यासाठी आठवडाभर आधीच गावी आलो होतो : मी, पत्नी, मुलगा, सून, दोन नातवंडे. दोन पिशव्या कपडे, आणि नेहमीप्रमाणे पाच किलो तांदूळ. लोकल बंद पडली. मुलाचा पगार आधी निम्मा झाला, मग थांबला. चार दिवसांसाठी आलेली सहा माणसे पाच महिने राहिली.

पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. धाकट्याच्या घरातली पाच आणि आमची सहा, अकरा पाने. मी पडल्यापडल्या तीच दोन पानांची वही मनात मांडीत होतो. तेवढ्यात माजघरातून आवाज आला. कणगी आता बांबूची नाही, पत्र्याची कोठी आहे, त्यामुळे टकटक फार मोठी वाजते. आई काळोखात उठून कोठीवर बोटे वाजवीत होती. वरपासून खाली. मी श्वास रोखून ऐकत होतो. गळ्याशीच आवाज भद्द आला. आई परत येऊन आडवी झाली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नीज. तुझ्या पिशवीतला नाय लागायचा."

नाही लागला. वालाचे बिरडे, वालाची आमटी, वालाची खिचडी. नातवंडे वालाला कंटाळली, पण उठली ती भरल्या पोटाने. आषाढ गेला, श्रावण लागला, पोळा झाला, आणि पेजेत मला माझे तोंड दिसले नाही. साठ वर्षांचा घोडा, त्या पोळ्याला मी गोठ्यामागे जाऊन डोळे पुसले. गोठ्यात तर बैलही नव्हते.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण त्याच श्रावणात आमच्या ओसरीवर कातकरवाडीतली एक म्हातारी येऊन बसली. आईच्या वयाची. तिने आणि तिच्या लेकींनी आमच्या शेतात तीसेक वर्षे लावणी केली होती. कातकऱ्यांची माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लावणीचा महिना म्हणजे त्यांची पावसाळ्याची बेगमी. म्हातारीने चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि उठताना सहज म्हणाली, "तुमची कणगी भरली बाय. आमची चूल इथंच जळत व्हती."

धाकट्याने सांगून पाहिले, की खुरपणीला मजूर लागतातच, वाल तोडायलाही लागतात. ती म्हणाली, "खुरपायला दोन बाया, लावायला दहा." हिशेब बरोबर होता. माझ्या वहीतल्या हिशेबाइतकाच बरोबर. त्या वहीत मी मजुरी 'खर्च' या सदरात लिहिली होती. ती कोणाच्या तरी घरी 'जमा' होत होती, हे लिहायला कारकुनाच्या वहीत रकाना नव्हता. धाकट्याचेही खोटे नाही. आसपासच्या फार्महाउसांवर आणि कारखान्यांत तरण्या पोरी केव्हाच जाऊ लागल्या होत्या. लावणीला बायका मिळत नाहीत म्हणून निम्मे गाव जमीन पडीक टाकायच्या बेतात होते. पण ही म्हातारी कारखान्यात कुठे जाणार?

दुसरी गोष्ट औषधाची. कापणीनंतर खोडके पुन्हा फुटू नयेत आणि गवत मरावे म्हणून ग्लायफोसेट फवारतात. ते माणसाला कर्करोग करण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये म्हटले. यावर वाद आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. आईला यांतले काही ठाऊक नाही. तिने फक्त पाहिले की फवारा वाऱ्याने बांधावर गेला आणि त्या पावसात तिथे कुर्डू उगवला नाही. ज्या कुर्डूवर तिने आम्हांला जगवले तो. ती धाकट्याला म्हणाली, "भुकेच्या दिवसातला घास मारलास तू." तेव्हापासून बांधालगतच्या दोन वाफ्यांवर फवारणी नाही, तिथे विळ्याने कापतात. बाकीच्या रानातही तो वरचेवर कमी करतो आहे. पुरते बंद करायची त्याची छाती होत नाही, कारण २०१७ चे गवत तो विसरलेला नाही. मीही त्याला आग्रह करीत नाही. खुरपे माझ्या हातात नाही.

म्हातारीचे पुढे असे झाले. तिच्या घराला डोंगराच्या उतारावर एक तुकडा आहे. आमच्या जिल्ह्यात अशा जमिनींना दळी म्हणतात. कैक पिढ्या कसलेली, पण कागदावर सरकारची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तिचा कागद आता झाला. तिथे नाचणी नि वरी. उतार नांगरला की दर पावसात माती खाली आमच्या ओढ्यात येते. गेल्या मे महिन्यात तिचा नातू आला आणि धाकट्याजवळ लोखंडी साचा मागू लागला. नांगरायचे नाही, आडवे वाफे काढून नाचणी टोचून बघतो म्हणाला. साचा जड, आणि अंतर भाताचे, नाचणीला ते जमेल की नाही कोण जाणे. धाकट्याने दिला. दोघांनी खांद्यावर घालून डोंगर चढवला, ते आम्ही ओसरीवरून पाहिले.

आता दिवाळी आली, भात झोडून झाले, वाल टोचायची घाई आहे, आणि साचा अजून वरच आहे. धाकटा कालपासून कुरकुरतो आहे की जाऊन घेऊन येतो. आई कोठीजवळ बसून सूप पाखडीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "राहू दे तिकडं. तुझे हात मोडलेत काय? काठीनं भोकं पाड."